झाकाईनं झाकलेलं गाव

द्राक्षांच्या पट्ट्यातला तो मोठा रस्ता सगळ्यांच्या माहितीचा आहे. दोन्ही अंगांना वायनऱ्यांच्या कमानी, कमानींआड हिरवळ, हिरवळीवर पांढऱ्या छत्र्या, आणि शनिवार-रविवारी शहरातल्या गाड्यांची रांग. त्याच रस्त्यावर दोन कमानींच्या मधोमध, डाव्या हाताला, मातीचा एक फाटा फुटतो. तिथे पाटी नाही. गाड्यांतली माणसं डावीकडे बघतात, पण थांबत कुणी नाही. मोबाइलमधला नकाशाही तिथे नुसती टेकडी दाखवतो.

टेकडीमागे निंबदरा आहे. साठ-सत्तर घरं, पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या बागा, काळ्या दगडाचं महादेवाचं देऊळ आणि जिचं पाणी बारा महिने जिभेला गोड लागतं अशी विहीर. सगळ्या मुलखावरचं ऊन उतरलं तरी इथल्या वरच्या बागेत ते घटकाभर रेंगाळतं. कुणी वाट चुकून आलाच तर पाणी पितो, द्राक्षाचे चार मणी तोंडात टाकतो आणि विचारतो, "अहो, इतकं देखणं गाव, आणि कुणाला ठाऊक कसं नाही?"

मग पारावरची माणसं एकमेकांकडे बघतात. एकजण म्हणतो, "दिसत नाय म्हणून तर टिकलंय." आणि पाहुण्याला गूळ-शेंगदाणे देऊन झाकाईची गोष्ट सांगतात.

द्राक्ष या मुलखात नुकतंच पाहुणं आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. त्या वेळी निंबदरा असं लपलेलं नव्हतं. उलट तीन कोसांवरून दिसायचं. भिंती चुन्यानं पांढऱ्याशुभ्र, दारोदारी चिंचेनं घासलेली पितळेची भांडी, गोठ्यांवर नवे पत्रे. हे सगळं दाजीबा पाटलाच्या हौसेपायी. दाजीबाला गाव दिसायला हवं असायचं. द्राक्षाची पहिली कलमंही त्यानंच आणली, पांगाऱ्याच्या खुंटांवर वेल चढवले, आणि पहिला घड धरला त्या वर्षी देवळावर पितळी कळस बसवला. दुपारी त्या कळसाकडे बघितलं की डोळ्यांना पाणी यायचं. दाजीबा म्हणायचा, "हे भक्तीचं पाणी."

गावाला एक गारपगारी होता. गारपगारी म्हणजे गारा थोपवणारा माणूस. काळा ढग आला की त्यानं शिवेवर त्रिशूळ रोवायचा, मंत्र म्हणायचा आणि ढग वळवायचा. त्याबदली गाव त्याला प्रत्येक पिकातला वाटा द्यायचं. पण गार पडलीच, तर सूर्य बुडायच्या आत त्यानं चूल विझवायची, घरची माणसं घ्यायची आणि शीव ओलांडायची. मागे वळून बघायचं नाही. पुन्हा त्या गावात त्याला पाणीसुद्धा मिळायचं नाही. असा रिवाज होता, आणि तो सगळ्यांना न्याय्य वाटायचा, एक गारपगारी सोडून.

त्या वेळचा गारपगारी होता रेवणनाथ. वयानं तरणा, अंगानं काटक, बोलायला गोड. बाप भैरवनाथ तीन वर्षांपूर्वी वारला होता, आणि बापाची जागा त्यानं घेतली होती. मार्गशीर्षात रेवण पठारावरून लग्न करून आला आणि त्याची नवरी निंबदऱ्यात आली.

ती कशी होती? गोरी की सावळी, नाक सरळ की बसकं, हे कुणालाच सांगता येत नाही. नव्या नवरीनं वर्षाचे सण पुरे होईस्तोवर हनुवटीपर्यंत पदर ओढून राहायचं, अशी तेव्हा गावाची रीत. गावानं पाहिला तो एक हिरवा शालू. शालू विहिरीवर जायचा, शालू भाकऱ्या थापायचा, शालू दारात उभा राहायचा. पण पदराआडून बाहेरचं सगळं दिसतं. तिला गाव दिसत होतं. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची म्हैस आटली आहे, पाटील चालताना वाटेतल्या पाण्यात स्वतःला कसा बघून घेतो, सगळं ती बघायची आणि गप्प राहायची.

माहेराहून ती एक गाठोडं घेऊन आली होती. ते तिनं सोडलं नव्हतं. शेजारच्या भागा तेलिणीनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "पोरी, गारपगाऱ्याच्या घरात आलीस. द्राक्षं उतरेस्तोवर गाठोडं बांधलेलंच ऱ्हाऊ दे. सोडायचं आन् पुन्हा बांधायचं, दुप्पट काम." भागा मनानं चांगली होती. तिचं चांगलं बोलणंही असंच असायचं.

नवरीच्या मनात एकच होतं. ते गाठोडं सोडायचं. लुगडी दांडीवर टाकायची, आईनं दिलेली कुंकवाची कोयरी कोनाड्यात ठेवायची. पठारावर तिच्या बापाची वस्ती दर दोन वर्षांनी हलायची. भिंतीत कोनाडा असलेलं घर तिला जन्मात पहिल्यांदा मिळालं होतं.

माघ लागला. मण्यांत पाणी उतरलं, हिरवे मणी काचेसारखे पारदर्शक व्हायला लागले. आणि गावाची झोप उडाली. कारण हेच दिवस गारांचे. रोज सकाळी माणसं आधी पश्चिमेकडे बघायची आणि मग तोंड धुवायची. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या तरी चर्चा, वावटळ उठली तरी चर्चा. दाजीबा पाटील दिवसाआड रेवणच्या दारात यायचा.

"काय गारपगारी, मंत्र ताजा आहे ना?"

"आहे की, पाटील."

"नाय, तीन वर्षं ढग आला नाही. गंज चढला असला तर सांग, तेल पाठवतो."

बरोबरचे लोक हसायचे. रेवणही हसायचा. पदराआडून नवरी बघायची, की हसताना त्याच्या मानेची शीर उडते आहे.

रोज सकाळी रेवण त्रिशूळ घेऊन शिवेवर मंत्र घोकायला जायचा. एके दिवशी ती मागोमाग न्याहारी घेऊन गेली. तो डोळे मिटून बसला होता, ओठ हलत होते. ती जवळ गेली, कान देऊन उभी राहिली. ओठ हलत होते, पण त्यांतून एक अक्षर निघत नव्हतं. ती तिथेच खाली बसली. भाकरीचं फडकं मांडीवर ठेवून म्हणाली, "तुम्हाला येत नाय ना?"

रेवणनं डोळे उघडले. मग त्याचा बांधच फुटला. बाप मरताना मुलाच्या कानात मंत्र सांगतो, तीच त्यांची रीत. पण भैरवनाथाला शेतात पान लागलं, साप चावला, तेव्हा रेवण जत्रेला गेला होता. "रेवड्या खात होतो गं मी," तो म्हणाला. "घरी आलो तर बाप थंडगार. लोक म्हणले, मंत्र दिला का? मी हो म्हणलो. काय म्हणणार? नाय म्हणलो असतो तर त्याच दिवशी घर गेलं असतं."

"आन् ढग आला तर?"

"तर आज जायचं ते तेव्हा जाऊ."

तिनं त्याला भाकरी वाढली.  पण त्या दिवसापासून गावाची सगळी काळजी जणू तिच्या एकटीच्या छातीत येऊन बसली. बाकीचे आभाळाकडे बघायचे तेव्हा त्यांना निदान रेवणचा आधार होता. तिला तोही नव्हता.

मग बातम्या यायला लागल्या. नदीपलीकडच्या गावावर गार पडली, मणी फुटून रस्त्यावर रस वाहिला. चार दिवसांनी अलीकडच्या गावावर पडली, मांडव भुईसपाट. तिथला गारपगारी बायकापोरांसह निंबदऱ्याच्या फाट्यावरून गेला. म्हातारी आई पाठीवर, हातात नुसता त्रिशूळ. कुणी त्याला थांब म्हटलं नाही. नवरीनं पाण्याचा तांब्या नेला, तर भागानं तिचा हात धरला. "त्याला पाणी देऊ नको. त्याची पीडा आपल्या गावाला लागंल."

एकामागून एक गावं तो ढग असा टिपत येत होता, जणू मोजूनमापून, असं म्हणतात. आणि पुढचं गाव निंबदरा होतं.

फाल्गुनाच्या तोंडावर, एका सकाळी, गुरं चरायला गेलीच नाहीत. वारा पडला. पश्चिमेला पिवळट हिरवा ढग उठला, पिकलेल्या जखमेच्या रंगाचा. त्याच्या पोटातून शंभर दगडी जाती एकदम फिरावीत तशी घरघर येत होती. गाव धावत शिवेवर आलं. रेवण त्रिशूळ रोवून उभा होता. त्याचे ओठ हलत होते, आणि त्रिशूळ थरथरत होता. गावाला वाटलं, मंत्राच्या तेजानं. खरं कारण एकटीला माहीत होतं.

ती मात्र ढगाकडे बघत नव्हती. ती वळून गावाकडे बघत होती.

पठारावर लहानपणी तिनं असे ढग वरून पाहिले होते. वरून गावं मोहरीएवढी दिसायची. काही गावं उन्हात लखलखायची, काही मातीत मिसळून जायची. ढग यायचा तो रेंगाळत, शोधल्यासारखा, आणि लखलखणाऱ्या गावावर वाकायचा. धनगरांच्या पालांवर काळी घोंगडी असायची. त्या पालांवर गार पडलेली तिनं कधी पाहिली नव्हती. आज शिवेवरून तिला निंबदरा दिसलं. पांढऱ्या भिंती, नवे पत्रे, दारोदारची भांडी, हिरव्यागार बागा. सगळं गाव दागिने घालून ढगाची वाट बघत बसल्यासारखं दिसत होतं.

ती पुढे झाली. नवी नवरी पाटलासमोर बोलत नाही. ती बोलली.

"झाका."

पाटलानं इकडेतिकडे पाहिलं, आवाज कुठून आला ते कळेना. "कोण बोललं?"

"मी. गाव झाका. त्याला दिसतं म्हणून तो येतो."

दाजीबा ओरडला, "रेवण्या, तुझ्या घरात आता बायका मंत्र म्हणायला लागल्या का?"

रेवणनं ढगाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि त्रिशूळ जमिनीतून उपटला. "पाटील, मला मंत्र येत नाय," तो म्हणाला. "कधीच येत नव्हता. ती म्हणतीय ते करा."

 एरवी गावानं त्याला तिथेच तुडवला असता, पण तुडवायला वेळ कुठे होता? घरघर जवळ येत होती. पहिली भागा तेलीण पळाली. दारातली घागर तिनं पालथी घातली, वर तेलकट गोणपाट टाकलं आणि बोंबलली, "अगं बयांनो, उभ्या काय ऱ्हायल्यात? झाका की!"

मग अख्खं गाव धावलं. बायकांनी पांढऱ्या भिंतींवर शेणमातीचे हात फिरवले. पत्र्यांवर कडबा चढला. भांडी उकिरड्यात पुरली. आरसे पालथे झाले, विहिरीवर फळ्या आल्या, बैलांच्या घंटांत बोळे कोंबले. बागा उरल्या. एवढ्या बागा झाकायला कापड आणायचं कुठून? नवरीनं सांगितलं, राख आणा. साठ घरांच्या चुली विझल्या, सुपासुपानं राख आली, आणि वेलींच्या ओळींतून शेळ्या पळवल्या. धुरळा आणि राख अशी उठली की घटकेत हिरवी बाग खडकासारखी भुरकी झाली. द्राक्षाच्या मण्यावर जो भुरकट थर असतो, तो तेव्हापासून आहे, असं म्हणतात. दुसरीकडच्या द्राक्षावर कसा, असं विचारलं तर सांगतात, "कलमं आमच्याकडूनच गेली."

मग माणसं घोंगड्यांखाली शिरली. मुलांच्या तोंडांवर हात, कुत्र्यांच्या तोंडांना फडकी. निंबदरा म्हणून तिथे काही उरलं नाही. नुसता एक उघडाबोडका उतार.

ढग आला. गावावर आला आणि थांबला. अंधारून आलं, पण एक थेंब पडेना.  ढग शोधत होता. एकदा वर सरकला, एकदा खाली. आणि ढगाच्या एका फटीतून उन्हाची एकच तिरीप खाली आली आणि लख्खकन काहीतरी पेटलं.

देवळाचा कळस.

सगळं झाकलं होतं, कळस झाकला नव्हता. कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. दोघं कापड घेऊन देवळाशी गेलेही होते. पण पाटलानंच त्यांना परतवलं होतं. "देव कुठं झाकतात का? देव सुतकात झाकतात. नसतं अभद्र नको." आणि त्यांनाही ते पटलं होतं. माणसं मातीत लपली आणि देवाला एकट्याला उन्हात ठेवलं.

ढगानं कळस बघितला. घरघर थांबली. तो वाकायला लागला.

घोंगडीच्या फटीतून नवरीनं ते पाहिलं. रेवणनं तिचा हात पकडला. "नको," तो म्हणाला. "पडू दे गार. सांजच्याला जाऊ आपण. कुठंबी जाऊ."

"मला नाय जायचं," ती म्हणाली. "आता कुठं आलीय मी."

आणि ती घोंगडीखालून बाहेर पडली. देवळाच्या शिखरावर धरायला दगडी कोनांखेरीज काही नाही. पठारावरची पोर, उभ्या कड्यावर शेळ्यांमागं वाढलेली, ती सरसर चढली. पहिली गार तिच्या खांद्यावर बसली, लिंबाएवढी. दुसरी कपाळावर. ती कळसापाशी पोचली, नेसत्या शालूचा पदर सोडला, आणि कळसाला नि स्वतःला मिळून एकच वेढा घातला. मग दुसरा, मग तिसरा. शालू नऊ वार होता, पण त्या दिवशी तो संपेना, असं म्हणतात. आणि हिरवा शालू राखेनं, गारेनं, पावसानं दगडाच्या रंगाचा होत गेला.

चमक विझली. ढग घोटाळला. आता इथे होतं ते गेलं कुठे? तो देवळावर इतका खाली आला की त्याचा गारठा घोंगड्यांत शिरला. शोधलं, शोधलं, आणि कंटाळून पुढे सरकला. पोटातलं सगळं त्यानं मागच्या ओसाड टेकडीवर ओतलं. त्या टेकडीवर आजही पांढऱ्या गारगोट्यांचा खच आहे. त्या न वितळलेल्या गारा आहेत, असं म्हणतात.

ऊन पडलं. एक घोंगडी हलली, मग दुसरी. बागेत एकही मणी फुटला नव्हता. माणसं रडायला लागली, एकमेकांच्या राखेनं माखलेल्या तोंडांना हसायला लागली. मग सगळी देवळाकडे धावली. शिखरावर शालूचं गाठोडं तसंच होतं, घट्ट. रेवण वर चढला आणि वेढे सोडायला लागला. एक, दोन, दहा, वीस. खाली शालूचा ढीग झाला. शेवटचा वेढा सुटला. आत कळस होता. ती नव्हती.

"हाक मार!" भागा खालून ओरडली. "रेवण्या, हाक मार तिला. तिनं सोताला झाकलंय. हाक मारली का यील!"

रेवणनं हाक मारायला तोंड उघडलं. आणि ते तसंच उघडं राहिलं.

नाव काय होतं तिचं? लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहायचं असतं, पण वऱ्हाडाला घाई होती, ते राहून गेलं. पुढं तो तिला 'अगं' म्हणायचा. त्यानं भागाकडे पाहिलं. भागा तिला पोरी म्हणायची. भागानं पाटलाकडे पाहिलं. पाटलानं खाली पाहिलं. साऱ्या गावात एकाही माणसाला तिचं नाव माहीत नव्हतं. "अगं," रेवण ओरडला. "अगं, ये ना!" अगं म्हटल्यावर गावातल्या सगळ्या बायकांनी वर पाहिलं. जिनं बघायला हवं होतं, तिनं नाही.

रेवण तसाच पठारावर गेला. तीन दिवस चालला. सासू वस्तीच्या बाहेर शेण थापत होती. त्यानं घडलं ते सांगितलं आणि मान खाली घालून विचारलं, "आई, तिचं नाव काय?"

म्हातारी उठली. हातचं शेण तिनं झटकलं. मग म्हणाली, "नाव ठाऊक नाय? मंग घेऊन कुणाला गेला होतास?" आणि पालात जाऊन तिनं दाराचं कापड ओढून घेतलं. पुढल्या वेळी तो गेला तेव्हा वस्ती हललेली होती.

म्हणून गावानं तिला झाकाई म्हटलं. रेवणला कुणी शीव ओलांडायला सांगितलं नाही. त्यानं तिचं गाठोडं सोडलं, लुगडी दांडीवर टाकली, कोयरी कोनाड्यात ठेवली आणि म्हातारा होईपर्यंत त्या घरात एकटा राहिला. गारपगाऱ्याला हाकलायचा रिवाज गावानं त्या दिवशीच मोडला.

ढग पुन्हा निंबदऱ्यावर आला नाही. पण झाकलेलं गाव उघडलंही नाही. त्या वर्षी द्राक्षाचे व्यापारी फाट्यावरून सरळ पुढे गेले. मोजणीदार आले, पलीकडचं गाव मोजून गेले. मोठा रस्ता आला तो वळसा घेऊन. पुढे वायनऱ्या आल्या, कमानी आल्या, त्याही दोन्ही बाजूंना, मधला फाटा सोडून. निंबदऱ्याची द्राक्षं अजून निंबदऱ्याची माणसंच रस्त्यावर आणून देतात. तरण्या पोरांना कधी कधी वाटतं, फाट्यावर एक पाटी लावावी, चार पाहुणे येतील. मग माघ येतो, पश्चिमेला काळं दिसतं, आणि पाटीचा विषय निघत नाही.

फाल्गुनाच्या पहिल्या दिवशी आजही निंबदऱ्यात चुली विझवतात, भांडी पालथी घालतात आणि कळसाला लुगडं गुंडाळतात. पाटलाच्या घरचा माणूस ते गुंडाळतो. तो मान त्याच्याकडे आहे, किंवा शिक्षा म्हणा.

आणि दुसरी एक रीत आहे. निंबदऱ्यात नवी नवरी आली की तिला आधी घरी नेत नाहीत, देवळापुढे नेतात. सगळं गाव जमतं. डोक्यावरचा पदर ती स्वतःच्या हातानं मागे टाकते, आणि गाव तिचा चेहरा नीट बघून घेतं, म्हातारी माणसं तर अगदी जवळ येऊन, डोळे बारीक करून. मग ती आपलं नाव सांगते, माहेरचं, जसं असेल तसं. ते नाव बदलायचं नाही. गाव ते नाव घेऊन हाक मारतं, सगळे मिळून, शिखराकडे तोंड करून. पहिल्या हाकेला नवरीनं गप्प राहायचं असतं. त्या वेळी कुणी खोकतही नाही. सगळे वर बघत असतात, न जाणो, झाकाईचं खरं नाव तेच असलं तर.

दुसऱ्या हाकेला नवरी "ओ" म्हणते, आणि मगच गाव घरी जातं.